मांजर दुखणं अंगावर काढतं: पोटाची तक्रार वेळेत कशी ओळखाल?

कुत्र्याचं पोट बिघडलं की तासाभरात घरभर कळतं. मांजराचं बिघडलं की ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, "आज जरा शांत आहे." मांजर स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही आहे. अशा जीवाला दुबळेपण दाखवणं परवडत नाही, म्हणून ते दुखणं अंगावर काढतं. आपल्या लक्षात येतं तेव्हा चार-सहा दिवस उलटून गेलेले असतात.

म्हणून मांजर ओरडेल, कण्हेल याची वाट बघू नका. पोटाची खबर तीन ठिकाणी मिळते: खाण्याची वाटी, लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेलं खोकं) आणि वजनकाटा. निदान करणं पशुवैद्यांचं काम आहे. आपण डॉक्टरकडे कधी निघायचं आणि तिथे काय सांगायचं, एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

१. सुरुवात मांजर ठणठणीत असताना करा

नवीन मांजर घरी आलं की पहिले पंधरा दिवस एक वही ठेवा, नाहीतर मोबाइलमध्ये नोंद करा. दिवसाला किती ग्रॅम खातं, किती वेळा खातं, शी किती वेळा आणि कशी होते, पाणी साधारण किती संपतं. 'वाटीभर खाल्लं' ही नोंद बिनकामाची, कारण वाटी कोणी भरली त्यावर ते अवलंबून. एकदा काट्यावर मोजून बघा.

निरोगी मांजराची शी तपकिरी, लांबट, घट्ट पण किंचित ओलसर असते. खोऱ्याने उचलली तर आकार मोडत नाही आणि मागे फारसा डाग राहत नाही. बहुतेक मोठी मांजरं दिवसातून एकदा जातात, काही दीड दिवसाने. पिल्लं जास्त वेळा जातात. तुमच्या मांजराचं नेहमीचं काय, हे एकदा ठाऊक झालं की बिघाड ओळखायला पुस्तकी ज्ञान फारसं लागत नाही.

वजन महिन्यातून एकदा करा, म्हाताऱ्या किंवा आजारी मांजराचं दर आठवड्याला. आपण मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, ही युक्ती सगळे सांगतात. मला ती पटत नाही. माणसांच्या काट्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि मांजराच्या बाबतीत तेवढाच फरक महत्त्वाचा असतो. त्यापेक्षा तान्ह्या बाळांचा काटा किंवा मोठा किचन काटा घ्या, वर टोपली ठेवा आणि मांजराला खाऊ दाखवून आत बसवा. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो घटणं. अंगावरच्या केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. ते नुसतं थांबलं तरी दखल घ्या.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर बॉक्समधली पातळ शी कोणाची, हा प्रश्न येतोच. काही दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवणं हा खात्रीचा उपाय. ते शक्य नसेल तर मुलांच्या बिनविषारी मेणखडूचा थोडा कीस एका मांजराच्या ओल्या खाण्यात मिसळा. ज्या शीमध्ये रंगीत कण दिसतील ती त्याची. ऐकायला गमतीचं वाटतं, पण पशुवैद्यही ही युक्ती सांगतात.

२. उलटी, गुळणी की खोकला?

नवख्या पालकांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. तिन्हींत तोंडातून काहीतरी बाहेर येतं किंवा येईलसं वाटतं, पण कारणं पार वेगळी.

उलटीआधी मळमळ असते. मांजर ओठ चाटतं, लाळ गिळतं, कधी विचित्र आवाजात ओरडतं, मग पोट आत-बाहेर हलवत उमासे काढतं आणि शेवटी ओकतं. पोटाचे स्नायू जोर लावताना स्पष्ट दिसतात.

गुळणीत असा जोर नसतो. खाल्ल्यावर थोड्याच वेळात मान खाली जाते आणि न पचलेलं अन्न, बऱ्याचदा नळीच्या आकारात, तसंच्या तसं बाहेर येतं. अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, म्हणजे बिघाड अन्ननलिकेत असू शकतो. पण आधी मांजर बकाबका खातं का ते बघा. तसं असेल तर पसरट ताटली आणि थोडं-थोडं खाणं एवढ्यानेच प्रश्न मिटतो. दोन मांजरं शेजारी-शेजारी जेवत असतील तर त्यांना लांब बसवा. बरीचशी घाई शेजाऱ्याच्या भीतीपोटी असते.

खोकल्यात मांजर जमिनीला चिकटून बसतं, मान पुढे ताणतं आणि घशातून खरखर आवाज काढतं. शेवटी बाहेर काहीच येत नाही, किंवा जरासा फेस येतो आणि तो ते गिळून टाकतं. आमच्या बोक्याचं हे तीन महिने चाललं होतं आणि मी आल्या-गेल्याला सांगत होते की केसांचा गोळा अडकलाय, निघेल. एकदा सहज व्हिडिओ काढला. डॉक्टरांनी तो अर्धाच बघितला आणि म्हणाले, हा दमा आहे. तेव्हापासून माझा नियम एकच: मांजर असं काही करायला लागलं की आधी मोबाइल हातात घ्यायचा, मग फडकं.

आता केसांच्या गोळ्याबद्दल. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे चाटताना तोंडात आलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीतून जातात, काही जठरात साठून उलटीतून पडतात. नाव 'गोळा' असलं तरी बाहेर पडताना आकार सुरळीसारखा असतो. लांब केसांच्या मांजराला हे अधूनमधून होणारच. दर आठवड्याला होत असेल तर मात्र केसांना दोष देऊन सोडू नका. एक तर मांजर खाज, पिसवा किंवा ताण यामुळे जास्त चाटतंय, नाहीतर आतड्याची पुढे ढकलण्याची चाल मंदावली आहे.

"मांजरं ओकतातच, त्यात काय?" हे वाक्य तुम्ही खूपदा ऐकाल. ऐकून सोडून द्या. तीन आठवड्यांहून जास्त काळ वरचेवर उलट्या होत असतील, मधल्या दिवसांत मांजर कितीही हुंदडत असो, तर तपासणी हवी. अशा जुनाट उलट्यांमागे अन्नाची ॲलर्जी असते, आतड्याची दीर्घकाळची सूज असते आणि उतारवयातल्या मांजरात कधी आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोगही असतो. सूज आणि हा कर्करोग यांची लक्षणं इतकी सारखी, की डॉक्टरांनाही कित्येकदा आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय फरक सांगता येत नाही.

उलटी पुसून टाकण्याआधी फोटो काढा आणि नीट बघा. पिवळसर फेस म्हणजे पित्त, बहुधा रिकाम्या पोटी झालेली उलटी. लाल रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण (हेही रक्तच, फक्त जठरात राहिलेलं) दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. पिल्लाच्या उलटीत शेवयांसारखे लांब पांढरे जंत पडू शकतात.

३. दोरा दिसला तर ओढू नका

हा मुद्दा वेगळा काढला, कारण यात चांगल्या हेतूने जीव जातो. मघाशी सांगितलेल्या जिभेवरच्या काट्यांमुळेच मांजराच्या तोंडात गेलेला दोरा, लोकर किंवा रिबन आपोआप मागे सरकत घशात जाते. बऱ्याचदा दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. आतडं त्याला पुढे ढकलत राहतं, दोरा हलत नाही, आणि आतडं दोऱ्यावर नाडीवरच्या नेफ्यासारखं चुण्या पडत गोळा होतं. दोरा ताणला की तो आतड्याला कापतो.

म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. बाहेर लोंबणारा भाग कापूही नका, सरळ दवाखाना गाठा. सारख्या उलट्या, खाणं बंद आणि शिवणाच्या डब्यातली रीळ गायब, एवढं जुळलं तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पोटात सुई असण्याचीही शक्यता असते.

४. जुलाब कुठून होताहेत?

पातळ शी झाली, एवढं सांगून डॉक्टरांना फार कळत नाही. दोन गोष्टी बघा: किती वेळा होते आणि एका वेळी किती होते.

दिवसातून दोन-तीनदाच, पण दर वेळी भरपूर, पाण्यासारखी किंवा फार दुर्गंधी, आणि सोबत वजन घटतंय, तर बिघाड लहान आतड्यात असण्याची शक्यता जास्त. सारखं सारखं जाणं, कुंथणं, दर वेळी थोडीशीच शी, त्यात आव किंवा ताज्या लाल रक्ताचा ठिपका, तर मोठ्या आतड्यात. लाल रक्त बघून लोक घाबरतात, पण जास्त घाबरण्यासारखी शी ही डांबरासारखी काळी आणि चिकट असते. जठरात किंवा लहान आतड्यात झालेला रक्तस्राव पचून असा दिसतो.

कारणांमध्ये नव्या घरातलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एका दिवसात बदललेलं खाणं. नवं अन्न जुन्यात मिसळत, प्रमाण हळूहळू वाढवत, सात ते दहा दिवसांत बदलायचं. दुसरं कारण दूध. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण पचवायला आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं आणि दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांत ते कमी होत जातं. मोठ्या मांजराला दुधाची गरज नसते. पिल्लू फार लहान असेल तर त्याच्यासाठी मिळणारं मांजराच्या पिल्लांचं दूधच द्या.

जंतांमध्ये पट्टकृमी ओळखायला सोपा. शेपटीखालच्या केसांना किंवा मांजराच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात, ताजे असतील तर वळवळतात. हा जंत बहुधा पिसवा गिळल्याने होतो, त्यामुळे जंताचं औषध देऊन पिसवांकडे काणाडोळा केला तर महिन्याभरात पुन्हा तेच. गोलकृमी पिल्लांना आईच्या दुधातूनही मिळतात, म्हणून घराबाहेर पाऊलही न टाकलेल्या पिल्लाला जंत नसतील असं समजू नका. जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यासाठी शी तपासावी लागते, कधी एकाहून जास्त वेळा.

लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू अचानक मलूल झालं, खाईना, उलट्या सुरू झाल्या, तर जुलाबाची वाट बघू नका. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार असाच येतो आणि काही पिल्लं जुलाब सुरू होण्याआधीच दगावतात. हा विषाणू घरात अनेक महिने टिकतो, म्हणून आधी अशा आजाराने पिल्लू गेलं असेल तर लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात आणू नये.

५. कुंथतंय, पण नेमकं कशासाठी?

दोन दिवस शी झाली नाही, किंवा कोरडे कडक खडे पडताहेत, तर बद्धकोष्ठ समजून डॉक्टरांना फोन करा. म्हाताऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या, मूत्रपिंडं अशक्त झालेल्या मांजरांना हे जास्त होतं. वारंवार झालं तर मोठं आतडं सैल पडून कायमचं फुगतं आणि मग आयुष्यभराची औषधं मागे लागतात.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा: शू होतेय ना? बोका बॉक्समध्ये सारखा जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, लिंग चाटतोय, आणि आपण समजतोय की शी अडकलीय. खरं तर मूत्रमार्ग बंद झालेला असतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, त्यामुळे हे त्यांच्यात जास्त. मूत्र पूर्ण अडलं तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बॉक्समधली माती हाताळून ओले गठ्ठे आहेत का बघा. नसतील, किंवा नुसते थेंब असतील, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. उद्या सकाळी बघू, हे इथे चालत नाही.

६. खाणं बंद

माणूस एक दिवस उपास करून पोटाला आराम देतो. मांजराला हा उपाय लावू नका. मांजर खायचं थांबलं की शरीरातली चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे धावते, आणि मांजराच्या यकृताला ती हाताळता येत नाही. काही दिवसांत यकृत चरबीने भरून जातं, कावीळ होते आणि मूळ आजार किरकोळ असला तरी हा नवा आजार जीवघेणा ठरतो. गंमत म्हणजे धोका सगळ्यात जास्त लठ्ठ मांजरांना. 'साठा भरपूर आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं' हा हिशेब इथे उलटा पडतो.

म्हणून मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करायचा. पिल्लासाठी १२ तासही जास्त.

न खाण्याचे प्रकारही बघून ठेवा. वाटीकडे ढुंकूनही बघत नाही, ही एक गोष्ट. वाटीपर्यंत येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि तोंड फिरवून जातं, ही मळमळ. खायला धावतं, पण घास तोंडातून पडतो, एका बाजूनेच चावतं किंवा कोरडे दाणे सोडून ओलंच खातं, तर पोट नाही, दात तपासा.

याउलट, दहा वर्षांवरचं मांजर अधाशासारखं खातंय, तरीही वाळतंय, मधूनच उलटी-जुलाब आहेत आणि अंगात नको इतका उत्साह आहे. मालक खूश असतात, म्हातारपणी भूक उघडली म्हणून. अशा मांजराच्या रक्तात थायरॉइडचं प्रमाण तपासून घ्यावं. ते वाढलं की हेच चित्र दिसतं. मधुमेहातही भूक वाढून वजन घटतं, सोबत तहान आणि शू दोन्ही वाढतात.

७. बसण्याची ढब आणि चेहरा

पोट दुखणारं मांजर पाठीला पोक काढून, पंजे अंगाखाली घट्ट घेऊन, डोकं खाली घालून बसतं. झोपल्यासारखं वाटतं, पण अंग सैल नसतं. उचलताना पोटाला हात लागला की गुरगुरतं किंवा ताठ होतं. स्वतःला चाटणं बंद झालं की पाठीवरचे केस विस्कटलेले, चिकटलेले दिसतात.

माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची पातळी. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक केलेले, तोंड ताणलेलं, मिशा सरळ ताठ आणि डोकं खांद्यांच्या खाली, तर मांजर दुखणं सोसतंय. मांजर जागं आणि एकटं असताना लांबून बघा. कुरवाळायला गेलात की चेहरा बदलतो.

जवळ जाता आलं तर ओठ हळूच वर करून हिरड्या बघा. त्या गुलाबी आणि ओल्या असायला हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. पिवळ्या झाक असलेल्या हिरड्या किंवा कानाची आतली बाजू म्हणजे कावीळ. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडण्याची परीक्षाही सांगतात, पण म्हाताऱ्या आणि रोड मांजरात ती फसवते. तापमान (निरोगी मांजराचं साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस) गुदद्वारातून घ्यावं लागतं. नवख्यांनी त्या भानगडीत पडू नये, असं माझं मत. ओरबाडे मिळतील आणि मांजर पुढचे दोन दिवस हाताला लागणार नाही.

८. थांबायचं की निघायचं?

एकदाच उलटी किंवा पातळ शी, पण मांजर खेळतंय, खायला मागतंय, तर एक दिवस लक्ष ठेवून थांबायला हरकत नाही. पाणी काढून घेऊ नका. नेहमीचंच खाणं थोडं-थोडं, जास्त वेळा द्या.

त्याच दिवशी निघायचं ते असं असेल तर:

- दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, किंवा पाणीही पोटात टिकत नाही
- उलटीत किंवा शीत रक्त, किंवा काळी शी
- जुलाब आणि मांजर मलूल. पिल्लू असेल तर नुसते जुलाबही
- पोट फुगलेलं, हात लावू देत नाही
- शू होत नाही
- दोरा, औषध किंवा विषारी वनस्पती खाल्ल्याचा संशय

शेवटच्या मुद्द्यात लिलीचं नाव मुद्दाम घेते. लिली आणि डे-लिलीची पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. सुरुवात साध्या उलटीने होते, मग काही वेळ बरं वाटल्यासारखं दिसतं आणि तोवर नुकसान झालेलं असतं.

घरातलं औषध देऊ नका, पाव गोळीसुद्धा नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, कारण त्याचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. माणसांची जुलाब थांबवणारी औषधं, ॲस्पिरिन, बाजारातला एनिमा, यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. विष खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकवण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. त्याने मिठाची विषबाधा होते.

९. दवाखान्यात जाताना

वही, फोटो, व्हिडिओ, खाण्याच्या पाकिटाचा फोटो आणि ताजी शी झाकणाच्या डबीत, हे सोबत घ्या. सुपारीएवढी शी पुरते. लगेच जाता येणार नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, मात्र एक दिवसाच्या आत पोचवा. शीला चिकटलेली माती शक्य तितकी काढून टाका. शी उचलल्यावर हात साबणाने धुवा. जिआर्डियासारखे काही परजीवी आणि जिवाणू माणसालाही लागू शकतात. घरात गरोदर बाई असेल तर बॉक्स दुसऱ्या कोणीतरी आणि रोजच्या रोज साफ करावा, कारण टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो.

डॉक्टर विचारतील ते साधारण असं: कधीपासून, किती वेळा, खाण्यात नवीन काय, जंताचं औषध आणि लस शेवटची कधी, घरातून काय हरवलंय. 'बरेच दिवस' असं उत्तर देऊ नका, तारीख सांगा.

घरी आल्यावर दोन गोष्टींची तयारी ठेवा. जुलाब थांबल्यावर एक-दोन दिवस शी होणार नाही. आतडं रिकामं असतं, ते बद्धकोष्ठ नव्हे. आणि घरात दुसरं मांजर असेल तर ते परतलेल्यावर फिस्कारेल, कारण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो. रात्रभर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. तसंही आजारी मांजराचा बॉक्स आणि वाटी आठवडाभर वेगळीच हवी, म्हणजे कोणी किती खाल्लं आणि शी कोणाची, हे पुन्हा शोधत बसावं लागत नाही.